वास बघणारी मावशी

तंबाखूचं पान नाकाशी नेलं की मावशी डावा हात वर करायची, रस्ता ओलांडताना आपण गाड्या थांबवतो तसा. तेवढा वेळ टेबलावर कोणी बोलायचं नाही, कात्री आपटायची नाही, पंख्याच्या बटणालाही हात लावायचा नाही.

"थांबा गं. पान बोलतंय."

पान काय बोललं ते मग ती आम्हाला सांगायची. "रागात आहे अजून, पंधरा दिवस ठेवा." किंवा, "हे गुणाचं आहे, पण शेजारणीशी पटायचं नाही याचं." शेजारीण म्हणजे सिगारमध्ये त्याच्या बाजूला बसणारं दुसरं पान. मी नवीन होते तेव्हा मला हे सगळं सोंग वाटायचं. प्रत्येक कामाच्या जागी एक जुनं माणूस असतं, ज्याने स्वतःभोवती थोडं गूढ जमवलेलं असतं. तुमच्याकडेही असेल. मला वाटलं, ही आमच्याकडची.

वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, रबराचे वॉशर बनवणाऱ्या गाळ्याच्या शेजारी, आमचा सिगारचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. सात बायका, दोन लांब टेबलं, पानं ठेवायची एक दमट खोली, आणि काचेच्या केबिनमध्ये मालक. मोठ्या हॉटेलांना लागणारे जाडजूड, हाताने वळलेले सिगार तिथे व्हायचे. ठाण्यात असं काही बनतं हे मलाही नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.

डोंबिवलीत माझी आई शेजारणींना सांगायची, "पोरगी पॅकेजिंगमध्ये आहे." ते अगदीच खोटं नव्हतं, खोके होतेच. पण संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आधी अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, आणि मग आई माझ्याशी बोलायची.

माझं काम होतं खोक्यात घालायची छोटी पत्रकं लिहिण्याचं. या सिगारची चव अशी, याचा सुगंध तसा. मी जन्मात सिगार ओढला नव्हता आणि ओढणारही नव्हते. मालकांनी चार परदेशी पत्रकं पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "असंच लिही, फक्त आपलं वाटलं पाहिजे." लेदर, कोको, सिडार, ब्लॅक पेपर हे शब्द इकडचे तिकडे करून मी दुपारपर्यंत पाच पत्रकं पाडली. मालक खूष झाले. मावशीने त्यातलं एक मला मोठ्याने वाचायला लावलं.

"लेदर म्हंजे?"

"चामडं, मावशी."

"कोणतं चामडं? चपलेचं, ढोलकीचं, का दप्तराचं?"

मी पत्रकात बघायला लागले. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुला वास येतो का पोरी, का नुसतं लिहिता येतं?"

मी दुखावले, खरंच दुखावले. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मुलीला हा प्रश्न कोणी विचारू नये. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारचं स्टूल ओढून बसले.

मावशी मूळची सिन्नरकडची. सात-आठ वर्षांची असल्यापासून आईच्या आणि आजीच्या मांडीला मांडी लावून विड्या वळायची. लग्न होऊन ठाकुर्लीला आली, तिथेही चाळीत सूप मांडीवर घेऊन विड्याच वळल्या. नवरा खोकून खोकून गेला. "माझ्याच हातच्या ओढायचा," ती सांगायची. "दुसऱ्या कोणाच्या गोड लागायच्या नाहीत त्याला." हे ती ज्या आवाजात सांगायची त्यात अभिमान होता आणि दुसरंही काही होतं. ते ऐकून आम्ही सगळ्या खाली मान घालून कामाला लागायचो.

सुरुवातीला सिगार वळताना तिचा विडीचा हात आडवा आला. विडी घट्ट वळायची असते, सैल विडी म्हणजे वळणारीची बेअब्रू. तिने पहिले डझनभर सिगार असे काही आवळले की मालक ओढून ओढून लालबुंद झाले आणि धूर काही आला नाही. "मला वाटलं, एवढा श्रीमंताचा चिरूट, तर घट्टही तेवढाच हवा," असं सांगून ती स्वतःच हसायची. शेवटपर्यंत ती सिगारला चिरूटच म्हणायची.

वीतभराला थोडा कमी, अंगठ्याहून जाड असा मोठा सिगार फक्त तीच वळायची. पोटात तीन तऱ्हेची पानं. एक जळायला बरं, एक वासाचं, एक जोराचं. जोराचं पान मधोमध, कारण ते सावकाश जळतं. कडेला गेलं तर सिगार एका अंगाने जळत जातो आणि ओढणारा हैराण होतो. ही पानं दुमडायची नाहीत, त्यांना निऱ्या घालायच्या, म्हणजे निरी-निरीतून हवा खेळते. त्यावर जाड पानाचा परकर. मग लाकडी साच्यात दाबून ठेवायचं, आणि शेवटी वरून शालू, म्हणजे एकही शीर नसलेलं, तेलकट चमकेचं पातळ पान, तिरकं ताणत नेसवायचं. डोक्याला डिंकाने चिकटवलेली इवलीशी टोपी. परकर आणि शालू हे तिचे शब्द सगळ्या बायकांच्या तोंडी बसले होते. एकदा मालकही हॉटेलच्या साहेबांसमोर "याचा परकर आपल्याच देशातला आहे" असं बोलून गेले आणि नंतर बराच वेळ पाणी पीत राहिले.

शालू नेसवायच्या आधी ती सिगारचं एक टोक स्वतःच्या गालाजवळ धरायची आणि दुसऱ्या टोकाला अत्तराच्या बाटलीचा रबरी फुगा लावून दाबायची. गालाला वारा लागला तर पास. सिगार तोंडाला मात्र तिने कधी लावला नाही. "एक माणूस घालवलं यानं माझं," एवढंच म्हणायची.

मग चव कशी कळायची? मालक मागच्या जिन्यात उभे राहून नमुना पेटवायचे. तो दीड-दोन तास चालायचा. मावशी जिन्याच्या दाराशी स्टूल टाकून बसायची आणि जाणाऱ्या धुराचा वास घ्यायची. सुरुवातीला तिला मनुका ठेवलेला डबा सापडायचा. मध्यावर जायफळ, लाकडाची वखार. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात ती एकदम मान वर करायची. "आता लागलं जोराचं पान. सर, टाका आता, पुढं नुसतं कडू आहे." मालकांचा चेहरा कडू झालेलाच असायचा. मी हे सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि त्याची पत्रकं करायचे. लेदर हा शब्द काढून मी "शाळा सुरू होतानाच्या नव्या दप्तराचा वास" असं लिहिलं. हॉटेलवाल्यांना ते इतकं आवडलं की मालकांनी माझी पाठ थोपटली. ती थाप खरं म्हणजे मावशीच्या पाठीवर पडायला हवी होती, पण मी ती घेतली.

मग लॉकडाऊन आला, गेला, परत आला. त्या दुसऱ्या उन्हाळ्यात मावशी तापाने पडली. वाचली. गाळा पुन्हा धड सुरू झाला तेव्हा कामावर आली ती निम्मी होऊन. बोटांचे सांधे सुजलेले होते, निरी घालताना पान फाटायचं. मालक मनाने वाईट नव्हते. त्यांनी खिडकीजवळ तिला पाठीची खुर्ची दिली आणि सांगितलं, "मावशी, वळायचं काम पोरी करतील. तुम्ही फक्त पान बघायचं. तुमचं नाक म्हणजे आपली लॅबोरेटरी."

मावशी हसली. पुढचे कित्येक महिने रोज पान नाकाशी नेऊन ती हात वर करत राहिली आणि आम्ही गप्प बसत राहिलो.

एक दिवस दुपारी आम्ही सगळ्या दमट खोलीत पानं रचत होतो. दार घट्ट लावलेलं होतं. बाहेर चहाच्या शेगडीवर दूध ठेवलेलं होतं आणि त्याच्यापासून चार हातांवर मावशी बसलेली होती. मी पिशवी आणायला बाहेर आले तर गाळाभर करपलेल्या दुधाचा वास. पातेलं काळं पडलेलं. आणि मावशी तिकडे पाठ करून शांतपणे पानं निवडत होती.

"मावशी, दूध!"

तिने वळून पाहिलं. आधी पातेल्याकडे, मग माझ्याकडे. त्या एका नजरेत मला सगळं कळलं आणि मला कळलं हे तिलाही कळलं.

"कधीपासून?" मी शेगडी बंद करत विचारलं.

"तापापासून."

"अजिबात येत नाही?"

"कांदा नाही, रॉकेल नाही, घाम नाही. परवा आंबलेली आमटी खाल्ली आणि दिवसभर पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, येईल. येईल येईल म्हणता वर्ष होत आलं."

"मग इतके दिवस पानं कशी पास केलीस?"

तिने तळहात पुढे केला. "हा सांगतो थोडं. पान कानाशी धरलं की ओलं-सुकं कळतं. बाकी नशीब."

मी म्हटलं, सरांना सांगू या. तिने माझं मनगट धरलं. सुजलेल्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "आणि मग? बोटं गेली, नाक गेलं, मग या खुर्चीत मी बसू कशाला, शोभेला? घरी गेले की मी म्हातारी आहे गं. इथं आहे तोवर कामाची बाई आहे. तू कोणाला बोलू नकोस."

मी नाही बोलले. उलट त्याच्या पुढे गेले. मी तिचं नाक व्हायचं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत ती डब्यासोबत पुरचुंड्या आणायची आणि माझे डोळे ओढणीने बांधायची. जायफळ का जायपत्री? मेथी भाजलेली का कच्ची? सुंठ जुनी का यंदाची? चुकलं की माझ्या डोक्यात टपली बसायची. बाकीच्या बायकांना वाटायचं आमचा खेळ चाललाय. स्वतःला एक कणही वास येत नसताना ती मला निव्वळ आठवणीवर शिकवत होती. "कच्ची मेथी नाकाच्या वरच्या बाजूला लागते, भाजलेली घशात. परत घे." मी परत घ्यायचे, आणि ते खरंच तसं असायचं.

पान आलं की आधी मी वहीच्या निमित्ताने त्यावर वाकायचे आणि हळूच सांगायचे, "खारीक. खाली थोडं ओलं पोतं." मग ती पान उचलायची, नाकाशी न्यायची, हात वर करायची, आणि निकाल द्यायची. ओलं पोतं म्हणजे काय करायचं ते मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. असं वर्षभराहून जास्त चाललं आणि एकही गठ्ठा वाया गेला नाही. मला त्या दिवसांचा अभिमान वाटायचा. जरा जास्तच वाटायचा. आपल्यावाचून हिचं पान हलत नाही, हा विचार माणसाला फार लवकर गोड लागतो.

मग ते लग्न आलं.

शीळफाट्याकडचं जुनं आगरी घर. भातशेतीच्या जागी आता इमारती उभ्या आहेत आणि घरापुढे गाड्या. नातवाच्या हळदीला त्यांना पाहुण्यांसाठी सिगार हवे होते, सगळ्यात मोठे, वर नवरा-नवरीच्या नावांचा सोनेरी पट्टा. घरातले आजोबा स्वतः आले. पांढरे कपडे, पायात साधी चप्पल. मालकांना सोडून ते थेट मावशीच्या खुर्चीपुढे उभे राहिले, काम कोण करतं ते त्यांना बरोबर कळलं होतं. "मावशे, चांगला बनव हां. आमचे नातवाचा लगीन हाय. मी मिठागरान विडी ओढलेला मानूस, माना या चिरूटातला काय नाय कलत. पन पावन्यांसमोर मान खाली जाव नको."

"तुमची मान खाली जाणार नाही, बाबा," मावशी म्हणाली. असं वचन तिने कोणाला दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

जोराच्या पानाचा गठ्ठा उशिरा आला, मंगळवारी. हे पान रचून, ढीग लावून मुरवावं लागतं. ढीग आतून तापतो आणि त्याच्यातला तिखट, डोळ्यांत जाणारा दर्प हळूहळू निघून जातो. पुरतं मुरलं नसेल तर तो दर्प पानात राहतो, मुतारीसारखा. नाक धड असलेल्या कोणालाही तो कळेल. मलाही कळला. पण मंगळवार म्हणजे आमच्या मजल्यावरचे सामाईक संडास धुवायचा दिवस. पॅसेजमधून ॲसिडचा वास येतच होता, आणि मी पानावर वाकले तेव्हा जो दर्प आला तो मी बाहेरचा धरला.

"ठीक आहे," मी कुजबुजले. "खारीक, मिरी. चांगलं आहे."

मावशीने गठ्ठ्याच्या पोटात हात घातला. तो तिने बराच वेळ आत ठेवला.

"हाताला ऊन लागतंय गं," ती हळू आवाजात म्हणाली. "अजून तापलेलं आहे आतून. परत वास घे."

मी परत घेतला. तोच दर्प. आणि मला राग आला. मालक केबिनमधून दोनदा घड्याळ दाखवून गेले होते, आणि माझ्या नाकावर शंका घेतली जातेय हे मला सहन होईना. "मावशी, संडास धुतायत बाहेर, त्याचा वास आहे. पान ठीक आहे म्हटलं ना? मला येतोय वास, तुला नाही."

शेवटचे पाच शब्द मी बोलले. ते परत घेता आले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते.

तिने हात गठ्ठ्यातून काढला, पदराला पुसला. मग एक पान नाकाशी नेलं, हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चांगलं आहे. घ्या."

वळून झालेले सिगार निदान महिनाभर तसेच पडू द्यायचे असतात, म्हणजे आतली पानं एकमेकींना धरतात. तिने ते मालकांना सांगून पाहिलं. "लग्न थांबणार आहे का मावशी?" मालक म्हणाले. दहा दिवसांत सोनेरी पट्टे चढवून खोके गेले.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आले. आवाज चढवला नाही. एक खोका टेबलावर ठेवला आणि मावशीकडे पाहिलं. "आमचं पावनं डोलं पुसत बसलं, मावशे. येकानी दोन झुरके घेतलं न् पान्यान टाकला. समदी हसत व्हती." एवढं सांगून ते निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालकांनी जिन्यात जाऊन एक पेटवला. दोन मिनिटांत परत आले, डोळे लाल. "हे जोराचं पान कोणी पास केलं?"

मी वही छातीशी धरून उभी होते. मनात वाक्य तयार होतं, "सर, वास मी घेतला होता." पाच शब्द. पुढच्या महिन्यापासून मालक मला सगळ्या पत्रकांची आणि हॉटेलांची जबाबदारी देणार होते, घरी तसं सांगूनही झालं होतं. हेच कारण होतं, दुसरं काही नाही. मी तोंड उघडायच्या आत मावशी खुर्चीतून उठली.

"मी केलं, सर. माझं नाक गेलंय. तापापासून."

"काय?"

"वास येत नाही मला. तुम्हाला सांगितलं नाही, ती माझी चूक."

मालकांनी तिच्या खुर्चीकडे पाहिलं. "इतके दिवस?" ते म्हणाले. "मग इतके दिवस बाकीची पानं कशी बरोबर निघाली?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. अगदी ठरवून पाहिलं नाही. "नशिबानं," ती म्हणाली.

त्याच दुपारी ती गेली. डबा, पाण्याची बाटली आणि तो रबरी फुगा पिशवीत घातला. मालक तिला खालपर्यंत सोडायला गेले. बायका रडल्या. मी दमट खोलीत जाऊन पानं मोजत बसले, ती आधीच मोजलेली होती.

लोक सांगतात, अपराध मनाला खातो. माझा अनुभव वेगळा आहे. मी नीट जेवत होते, झोपत होते, हॉटेलच्या बैठकांना इस्त्रीचे कपडे घालून जात होते. फक्त ठाकुर्लीला जायचं टाळत होते. आज नको, रविवारी जाऊ. असे पुष्कळ रविवार गेले.

मावशी आता नाही. मागच्या थंडीत गेली, झोपेतच. त्याआधी मी एकदाच तिच्या घरी गेले होते, आणि ते भेटणं शेवटचं ठरलं.

चाळीतल्या पहिल्या मजल्यावरची खोली. धाकटी मुलगी बाळंतपणाला आली होती आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं होतं. मावशी पाय लांब करून भिंतीशी बसली होती आणि बाळ तिच्या पायांवर झोपलं होतं. मला बघून तिला आनंद झाला, आणि तो बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मुलगी पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा मी बोलले. पाठ करून आणलेलं सगळं बोलले. सरांना सगळं सांगते, उद्याच सांगते, असंही म्हटलं.

"आता सांगून काय करणार?" ती म्हणाली. "तिथं नाकाचं एक तरी माणूस राहू दे. आणि तू म्हणतेस तसं नाही ते. तुझं नाक चुकलं ते चुकलं. पण माझ्या हाताला कळलं होतं. पन्नास वर्षं पानात घातलेला हात आहे हा. मी त्याचं ऐकलं नाही. तू म्हणालीस ना, तुला नाही येत म्हणून, मग मला वाटलं, खरंच, आता मला काय कळतंय?"

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पुरे. एक काम कर. याच्यासाठीच कधी येतेस याची वाट बघत होते."

तिने बाळाला अलगद उचललं आणि त्याचं डोकं माझ्यापुढे धरलं.

"माझ्या दोन्ही पोरींच्या टाळूचा वास मला पाठ आहे. हिचा माहीत नाही. हिच्या आईला विचारते तर ती म्हणते, बाळासारखा येतो. असं कोणी सांगतं का? तू सांग. घाई करू नको. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नको."

मी नाक टेकवलं. वर खोबरेल होतं, धुरीचा ओवा होता, दुधाचा आंबूस वास होता. ते मी सांगितलं. "हं," ती म्हणाली. "ते सगळ्याच पोरांचं असतं. त्याच्या खाली बघ."

मी पुन्हा वास घेतला, मग आणखी एकदा. बाळाने तोंड वाकडं केलं आणि परत झोपलं. मावशी हलत नव्हती. तिची नजर माझ्या तोंडाकडे लागलेली होती. कितीतरी वेळाने मला ते सापडलं.

"मऊ भात," मी म्हटलं. "नुकता उतरवलेला. मीठ घालायच्या आधीचा."

तिने बाळाचं डोकं स्वतःच्या नाकाशी नेलं आणि लांब श्वास घेतला. एकदा, दोनदा. मग बाळाला पुन्हा पायांवर ठेवून त्याची कुंची सारखी करत बसली. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही, पायांवर बाळ होतं.

जिन्याच्या वळणावर मी चपलेचा पट्टा बसवायला थांबले. वर शेजारीण बाळ बघायला आली असावी. मावशीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"आमच्या पोरीच्या टाळूला मऊ भाताचा वास आहे. मीठ घालायच्या आधीचा असतो ना, तसा."

शेजारीण हसली. "मावशी, तुला कुठून आला वास?"

"आला की," मावशी म्हणाली.

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता खाली उतरले.